आत्याचा शालू : रंगाच्या नोंदी

2 जून 2024, वडगाव

आज कामाला सुरुवात झाली. निपाणीच्या आत्याच्या धाकट्या लेकाचं लग्न तुळशीची लग्नं आटोपल्यावर आहे. होणाऱ्या सुनेनं आपल्या लग्नातल्या शालूसारखाच शालू नेसावा अशी आत्याची इच्छा आहे. तो शालू आता नाही. वडगावात माग चालवणारे रंगारी-विणकर काका विणून द्यायला तयार आहेत, पण त्यांना नमुना हवा. नमुना म्हणून आमच्याकडे 1986 च्या लग्नातला एक रंगीत फोटो आहे आणि त्यात शालू तपकिरी दिसतो, शेणखतासारखा तपकिरी.

आत्या म्हणते, "बाटलीहिरवा होता गं, काळपट बाटलीहिरवा. मी नेसलेय ना तो!"

धाकटे काका लग्नात दहा वर्षांचे होते. त्यांचं म्हणणं वेगळं. "फोटो समोर आहे की. चुडा हिरवा दिसतोय, तोरणाची पानं हिरवी दिसतात. मग शालूच तेवढा तपकिरी का दिसावा?"

प्रश्न चोख आहे. मी खडेबाजारातल्या दुकानांसाठी साड्यांचे फोटो काढते आणि "फोटोत रंग वेगळा होता" ही तक्रार आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. तरी काकांना तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. म्हणून ही वही.

5 जून, येळ्ळूर

अल्बममधला प्रिंट दिवसाच्या उजेडात, भिंगाखाली पाहिला. प्रिंट लालसर झालाय यात शंका नाही. त्या काळच्या रंगीत कागदात तीन रंगद्रव्यं असायची, निळसर-हिरवं, किरमिजी आणि पिवळं. अल्बम बंद ठेवला तरी त्यातलं निळसर-हिरवं सगळ्यांत आधी उडायचं. ते उडालं की उरलेले दोन मिळून फोटो लाल-पिवळा दिसतो. घरोघरच्या जुन्या फोटोंना आलेला तो ऊबदार रंग मुळात तिथे नव्हता.

पण नुसत्या उडण्यानं काकांचा प्रश्न सुटत नाही. प्रिंट उडाला तर सगळाच उडेल, पानांचा हिरवाही जाईल. इथे पानं गेलेली नाहीत.

11 जून, शहापूर

ज्या फोटोग्राफरनं लग्न काढलं त्यांच्या मुलाकडे जुन्या निगेटिव्हची पाकिटं आहेत. दोन तास शोधल्यावर आमचं पाकीट सापडलं. 120 चा रुंद फिल्म रोल, चौकोनी निगेटिव्ह, कडेला कोडॅकचं नाव. कॅमेराही दाखवला, याशिका मॅट 124 जी, 80 मिलिमीटरचं याशिनॉन भिंग. तो त्यांनी मला वापरायला दिला. "बाबांनी अर्धं बेळगाव याच्यातनं काढलंय," म्हणाले.

निगेटिव्ह मिळणं फार मोलाचं होतं. प्रिंट म्हणजे कुणीतरी लावलेला अर्थ असतो, निगेटिव्ह त्याच्या एक पायरी अलीकडे. रंगीत निगेटिव्ह नारिंगी दिसते त्यालाही कारण आहे. तिच्यातली रंगद्रव्यं शुद्ध नसतात, जो प्रकाश सोडायचा त्यातलाही थोडा खातात. ती चूक प्रिंटमध्ये फिटावी म्हणून तो नारिंगी पडदा मुद्दाम घातलेला असतो.

स्कॅन करून पडदा वजा केला. आता खरा रंग कोणत्या खुणेवरून लावायचा? कार्ड नाही, मोजपट्टी नाही. मग लक्षात आलं की मधोमध अंतरपाट आहे, पांढरंशुभ्र सुती कापड, कुंकवाच्या स्वस्तिकासकट. अंतरपाटाचा पांढरा पांढरा दिसेपर्यंत तिन्ही रंग सरकवले. मांडवाच्या कापडातून आलेला पिवळेपणा गेला, मुंडावळ्यांचे मणी मोत्यासारखे दिसू लागले, भटजींचं उपरणं जागेवर आलं. चुडा हिरवागार.

शालू तपकिरीच राहिला. थोडा हिरवटपणा आला एवढंच.

म्हणजे दोष सगळ्या चौकटीवर पसरलेला नाही, तो त्या एका कापडापुरता आहे. आज झोप येईल असं वाटत नाही.

16 जून, येळ्ळूर

आत्या आली होती. तिनंच आठवण काढली, शालूचा काठ वाकळेत गेला होता! माळ्यावरून वाकळ काढली. पस्तीसेक वर्षं धुऊन धुऊन वरचं कापड फिकट, मातकट झालंय, पण आत्यानं दोन ठिकाणी दोरे उसवले आणि आत दुमडलेली शिवण उलगडली. बोटभर रुंद पट्टी. उजेडात धरली तेव्हा तिघेही गप्प झालो.

हिरवी. गडद, किंचित निळसर झाक असलेली बाटलीहिरवी.

काका बराच वेळ पट्टी हातात धरून बसले. मग म्हणाले, "ही हिरवी हाय, व्हय. पण मग फोटोत काय झालं?" त्यांना हार-जीत नको होती, कारण हवं होतं. मलाही तेच हवं आहे. रंगारीकाकांना पट्टी दाखवून काम उरकता आलं असतं, पण बोटभर पट्टीवरून सहा वारांचा रंग ठरवताना फोटो उलटं का सांगतो हे कळायलाच पाहिजे.

19 जून

पाऊस. राजहंसगड दिवसभर दिसला नाही. काम नाही.

23 जून, शहापूर

भिंगं मांडून बसले. माझ्या स्पॉटमॅटिक कॅमेऱ्यासाठी दोन आहेत, हेलिओस 44-2, 58 मिलिमीटरचं, आणि सुपर-टाकुमार 50 मिलिमीटर, एफ 1.4. शिवाय उसनी आणलेली याशिका.

टाकुमार पांढऱ्या कागदावर धरलं तर आतून चहासारखं पिवळं दिसतं. या भिंगाच्या एका काचेत थोरियम आहे. त्या काळी काचेचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश वळवायची ताकद, वाढवून रंगांचं विखुरणं कमी ठेवायला थोरियम घालत. थोरियम सौम्य किरणोत्सारी असतं, त्या किरणोत्सारानं काचेत वर्षानुवर्षं पिवळेपणा साठत जातो. अतिनील प्रकाश दिला की तो उतरतो. लोक उन्हात ठेवतात. बेळगावच्या आषाढात ऊन कुठलं! वहिनीचा नखं वाळवायचा अतिनील दिवा मागून आणला आणि पिवळ्या अवस्थेतले फोटो काढून होईपर्यंत बाजूला ठेवून दिला.

याशिकाच्या भिंगावर कडेनं बुरशीचं जाळं आहे. आपल्या हवेत हे चुकत नाही. चार महिने पाऊस, कपाट बंद, की भिंगात बुरशी. तरी मी ते पुसणार नाही. 1986 मध्ये ते किती स्वच्छ होतं ठाऊक नाही, पण आता डागाळलेलं भिंग रंगाचं काय करतं हेही यातून दिसेल.

भिंगाच्या काचेवर परावर्तन कमी करायला देतात त्या लेपाबद्दल लिहून ठेवते, कारण त्याचा रंगाशी थेट संबंध आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून चार ते पाच टक्के प्रकाश परत फिरतो. याशिनॉनमध्ये चार काचा तीन गटांत आहेत, म्हणजे हवेला लागलेली सहा पृष्ठं. लेप नसता तर जवळजवळ पाव प्रकाश वाटेतच गेला असता, आणि त्यातला काही इकडेतिकडे आपटून फिल्मवर धुरासारखा पसरला असता. गडद रंगांवर तो पांढरा धूर बसला की ते फिके पडतात. झाइसच्या स्माकुलांनी 1935 मध्ये एकपदरी लेप काढला, आणि 1971 पासून असाहीनं टाकुमार भिंगांना अनेकपदरी लेप द्यायला सुरुवात केली. माझं टाकुमार त्याआधीचं.

30 जून, शहापूर

पहिला रोल, कोडॅक गोल्ड 200. मांडणी अशी : वाकळेतली पट्टी, शेजारी आजच्या बाजारातला तशाच हिरव्याचा तुकडा, आत्याच्या काचेच्या दोन हिरव्या बांगड्या, आंब्याचं पान, आणि रंग जुळवायची खूण म्हणून करडं कार्ड. बाजूला फ्लॅश, कारण दिवसाच्या प्रकाशासाठीची फिल्म 5500 केल्विनला बेतलेली असते आणि ढगाळ आभाळाचा उजेड त्याहून बराच निळा. काही फोटोंत करडं कार्ड न ठेवता हिरवं कापड चौकटभर घेतलं.

9 जुलै

रोल धुऊन आला आणि सगळं मुसळ केरात. लॅबच्या यंत्रानं प्रत्येक फोटो आपणहून "सुधारला". चौकटभर हिरवं दिसलं की यंत्राला वाटतं प्रकाशच हिरवा होता, मग ते किरमिजी ओतून सरासरी करडी करतं. हिरवं कापड चिखलासारखं आलं, आणि तेही दर फोटोत वेगळं. फोन करून विचारलं तर म्हणाले, सगळ्यांचे असेच करतो. सुधारणा न करता स्कॅन करा असं मी लिहून द्यायला हवं होतं, आणि विचारल्यावर त्यांनीही ते सांगायला हवं होतं. नऊ दिवस गेले.

एक मात्र समजलं. 1986 मध्ये प्रिंट काढणाऱ्यानंही चौकट बघून असंच काहीतरी केलं असणार. नवरीचा गडद शालू चौकटभर असला की प्रिंटमधला रंग आणखी सरकतो. त्यामुळे यापुढे तपासणी स्लाइडवर, म्हणजे जिच्यावर थेट खऱ्या रंगातलं चित्र उमटतं त्या फिल्मवर. स्लाइडमध्ये मध्ये कुणी नसतं. जो रोल कॅमेऱ्यात गेला तोच धुऊन हातात येतो.

21 जुलै, येळ्ळूर

एक्टाक्रोम ई 100 ही स्लाइड फिल्म, 35 मिलिमीटरचा एक रोल, 120 चा एक. व्हेल्व्हिया 50 या दुसऱ्या स्लाइड फिल्मचाही अर्धा रोल. स्लाइडला एक्स्पोजरची चूक फार खपत नाही, अर्ध्या स्टॉपनं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) चुकलं तरी रंग धुपतो किंवा बुडतो. म्हणून दर वेळी मीटरनं पडणारा प्रकाश मोजला आणि अर्ध्या स्टॉपच्या अंतरानं तीन-तीन फोटो घेतले.

तेच कापड, तीच बांगडी, तेच पान, तिन्ही भिंगांतून. मागे पांढरं धोतर टांगलं, अंतरपाटाच्या जागी. काकांनी करडं कार्ड धरलं. आत्या म्हणाली, "एवढ्याशा चिंधीचे इतके फोटो! माझ्या लग्नात सगळे मिळून बारा काढले होते."

रोल कुरिअरनं बाहेरगावी पाठवले. स्लाइड धुणारे आता थोडेच उरलेत. आजपासून टाकुमार वहिनीच्या दिव्याखाली.

8 ऑगस्ट, शहापूर

स्लाइड आल्या. प्रकाशपेटीवर ठेवल्या, भिंग डोळ्याला लावलं.

पट्टी तपकिरी आहे.

पुन्हा पाहिलं. एकाच चौकटीत पान हिरवं, बांगडी हिरवी, आजच्या बाजारातला तुकडा हिरवा, करडं कार्ड करडं. मधली पट्टी मात्र खाकी-तपकिरी, थेट लग्नातल्या फोटोसारखी. खरी पट्टी शेजारी टेबलावर होती. नुसत्या डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं, हिरवी. भिंगातून स्लाइडकडे, तपकिरी. असं दहा वेळा तरी केलं. मग मोबाइलवर तिचा फोटो काढला. हिरवी!

एक्टाक्रोमवरही तपकिरी, व्हेल्व्हियावरही. व्हेल्व्हियावर बाकीचे रंग जास्त भडक, पानाचा हिरवा तर न्हालेल्यासारखा, पण पट्टीचा स्वभाव तोच. तिन्ही भिंगांत तेच. म्हणजे भिंग सुटलं.

10 ऑगस्ट, येळ्ळूर

कारण काकांना दाखवायचं होतं, नुसतं सांगायचं नव्हतं. म्हणून नंबर 29 चा गडद लाल फिल्टर नेला, कृष्णधवल फोटोत आभाळ काळं करायला वापरतात तो. संध्याकाळी सोप्यात जुना पिवळा बल्ब लावला आणि काकांना फिल्टर डोळ्याला लावायला सांगितलं.

बांगडी काळी दिसली. आजचा हिरवा तुकडा काळपट. वाकळेतली पट्टी मात्र निखाऱ्यासारखी उजळ.

"ही लाल कशी झाली?"

ती हिरव्याबरोबर खोल लालही परतवते. आपल्याला तो लाल जवळजवळ दिसत नाही इतकंच. 650 नॅनोमीटरच्या पुढे डोळा झपाट्यानं मंदावतो. 680 ला तर त्याची जाण हिरव्या-पिवळ्याच्या तुलनेत दोन टक्केही उरत नाही. फिल्मचा लाल थर मात्र 650 च्या आसपासच सर्वांत तीव्र असतो आणि त्यापुढेही काही अंतर बघत राहतो. शालूच्या रंगद्रव्यानं तिथे परतवलेला लाल फिल्मनं प्रामाणिकपणे नोंदवला. हिरवा अधिक लाल, झाला तपकिरी. काही निळी फुलं फिल्मवर गुलाबी येतात तीही याच कारणानं. मोबाइलच्या सेन्सरपुढे खोल लाल आणि त्यापलीकडचं अडवणारी काच असते, म्हणून तिथे पट्टी हिरवी आली.

पानाचं गणित वेगळं. पानही खोल लाल भरपूर परतवतं, पण ते 700 च्या आसपास सुरू होतं, फिल्मची नजर संपते तिथे. म्हणून तोरण हिरवं राहिलं आणि शालू नाही.

काकांनी फिल्टर उतरवला, आत्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तुझं बरोबर होतं." आत्या काही बोलली नाही. पट्टी तिनं पदराच्या टोकाला धरून परत डबीत ठेवली.

18 ऑगस्ट

भिंगांचं आज नीट लिहिते, कारण मूळ प्रश्नातून ती सुटली तरी त्यांचा परिणाम स्लाइडवर उघड आहे.

पिवळ्या टाकुमारची स्लाइड हेलिओसच्या स्लाइडशेजारी ठेवली की संध्याकाळ झाल्यासारखी वाटते. पांढरं धोतर साईच्या रंगाचं. निळा कमी झालाय, सरळ गोष्ट आहे. याच भिंगातून निगेटिव्हवर काढलेले फोटो मात्र स्कॅन करताना दोन मिनिटांत जागेवर आले. इथे मला कामाचा धडा मिळाला : जो रंग सगळ्या चौकटीवर सारखा बसतो, मग तो पिवळ्या काचेमुळे असो, मांडवाच्या कापडामुळे, ढगामुळे की उडालेल्या प्रिंटमुळे, तो एक पांढरी वस्तू सापडली की बराचसा काढता येतो. एका वस्तूपुरता फिल्मनं लावलेला रंग अशानं निघत नाही. शालू हिरवा करायला गेलं तर आत्याचा चेहराच हिरवा होतो.

याशिकाची गोष्ट या दोन्हींच्या मधली. बुरशीमुळे धोतराच्या आसपास धूर पसरलाय, आणि त्या बाजूचे रंग विटलेत, लांबचे तसेच आहेत. भिंगानं केलेलं हे नुकसान चौकटभर सारखं नाही, म्हणून नंतर सुधारायला सर्वांत अवघड. स्वच्छ भिंग आणि आडवा उजेड अडवायला पुढे लावलेलं हुड यांना मी महागड्या भिंगापेक्षा जास्त मान देईन.

टाकुमार दिव्याखाली चार आठवडे होतं. कागदावर धरलं, चहाचं आता लिंबाचं सरबत झालंय. अजून थोडे दिवस ठेवीन.

1 सप्टेंबर, वडगाव

रंगारीकाकांनी तीन लडी रंगवून ठेवल्या होत्या. आत ट्यूबलाइटखाली तिन्ही पट्टीला जुळत होत्या. अंगणात आणल्या तर पहिली निळी पडली, तिसरी पिवळी. काकांना हे पाठ आहे. "रंग बाहेरच बघायचा, तोही सकाळी दहाच्या आत," म्हणाले. दुसरी लड जुळली.

मग मी लाल फिल्टर काढला. दुसरी लड त्यातून थोडी उजळ दिसली, जुन्या पट्टीइतकी नाही, पण आहे. पहिली ठार काळी. म्हणजे डोळ्याला हुबेहूब असलेली लड फिल्मवर पुन्हा तपकिरीकडे झुकेल. आता लग्नाचे फोटो डिजिटलवर निघतात, तिथे हा प्रश्न फारसा येणार नाही. तरी मी रंगारीकाकांना विचारलं, दुसरीचीच छटा पहिलीच्या रंगद्रव्यात जमेल का? त्यांनी पहिली लड परत आत नेली, पिवळा किती वाढवायचा ते वहीत लिहिलं. ते वाफाळणाऱ्या पातेल्यात काठीनं लड फिरवत होते आणि मी मोजत होते, किती फेऱ्यांनी पाण्याचा रंग उतरतो. शेवटी पाणी जवळजवळ नितळ झालं, रंग सगळा धाग्यात गेला.

चौथी लड उन्हात पट्टीला जुळली, आणि फिल्टरमधून पहिलीसारखीच काळी दिसली.

निर्णय आत्याचा होता, म्हणून दोन्ही लडी निपाणीला पाठवल्या, काही न सांगता. तिनं चौथी निवडली. कारण विचारलं तर म्हणाली, हीच जास्त काळपट आहे.

11 ऑक्टोबर, वडगाव

खंडेनवमी. मागावर ताणा चढलाय. रंगारीकाकांनी धोट्याला, मागाला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मला म्हणाले, "तुझं हत्यार पण ठेव की." स्पॉटमॅटिक, हेलिओस आणि आता जवळजवळ पाण्यासारखं स्वच्छ झालेलं टाकुमार मागाच्या पायथ्याशी ठेवलं. याशिका कालच शहापूरला परत केली, हुड लावून, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसकट.

पूजेनंतर काम सुरू व्हायच्या आधी ताण्यावर जुनी पट्टी, करडं कार्ड आणि आत्याची एक बांगडी ठेवून फोटो काढला, उन्हाची तिरीप बाजूनं येऊ देऊन. पस्तीस वर्षांनी कुणी हा फोटो काढून भांडत बसलं तर त्यांना कार्ड तरी सापडेल. मागाचे फोटो घेत राहिले. बावीस झालेत, चौदा शिल्लक. ते पदर विणून होईल तेव्हासाठी ठेवलेत.